तीन डबे माल्ट

माझ्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी पत्र्याचे तीन डबे होते, आणि त्या डब्यांतल्या धान्यावर खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाने आपली उरलीसुरली सगळी आशा ठेवली होती. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून म्युनिकला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला गेलो होतो. शहरात मला कुणी खोली देईना. फोनवर खोली रिकामी असायची आणि मी दारात उभा राहिलो की ती नुकतीच गेलेली असायची. शेवटी शहराच्या उत्तरेला, गाडीने अर्ध्या तासावर, उंटरश्लाइसहाइम या खेड्यात माळ्यावरची एक खोली मिळाली. आज तिथे मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत असं ऐकतो. तेव्हा दलदल वाळवून केलेली काळी शेतं होती, बटाटे होते, कोबी होता आणि ऑक्टोबर ते मार्च धुकं होतं. घरमालक सत्तरीचे, निवृत्त ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे. ज्या लहानशा ब्रुअरीत त्यांचा जन्म गेला ती युद्धानंतर बंद पडली होती, पण गाव त्यांना अजूनही 'माइस्टर' म्हणे, म्हणजे उस्ताद, आणि त्यांच्या बायकोला 'माइस्टरिन'. मी त्यांना माइस्टरिनबाई करून टाकलं. ते दोघं मला 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. मी अजून डॉक्टर झालेलो नाही असं सांगितलं तर माइस्टर म्हणाले, "मग होशील तेव्हा आम्हाला सवय असेल."

अंगणात कपडे धुण्याची खोली होती. तिथे तांब्याची भलीमोठी कढई चुलाण्यात कायमची बसवलेली. सोमवारी माइस्टरिनबाई तिच्यात चादरी उकळायच्या आणि महिन्यातून एका शनिवारी माइस्टर बिअर उकळायचे. घरच्यापुरती बिअर करायची तरी आधी त्सोलआम्टला, म्हणजे कर घेणाऱ्या कचेरीला, कळवावं लागे. माइस्टर दर खेपेला रेघा मारलेल्या कागदावर तसं पत्र लिहायचे. शुक्रवारी संध्याकाळी ती कढई मी राखेने आणि सोड्याने तीन वेळा घासायची, हे खोली देतानाच ठरलं होतं. साबणाचा अंश राहिला किंवा कुठे तेलाचं बोट लागलं की बिअरवर फेस धरत नाही, आणि फेस नसलेली बिअर माइस्टरांच्या लेखी बिअरच नव्हे.

मी तेव्हा केसांना खोबरेल चोपडत असे. पहिल्याच शनिवारी माइस्टरांनी माझं डोकं हुंगलं, एक टॉवेल आणला आणि माझ्या डोक्याला असा करकचून आवळला की माइस्टरिनबाई हसून हसून खाली बसल्या. पुढे दर खेपेला तो टॉवेल माझ्या डोक्यावर होता. त्यामुळे तेलाचं मला कुणी सांगितलं नव्हतं असंही म्हणायला जागा नाही.

आमच्या मुंबई राज्यात त्या वेळी दारूबंदी होती आणि माझे वडील शाळेत हेडमास्तर. घरच्या पत्रात मी लिहायचो, 'घरमालक वृद्ध आहेत, त्यांना कामात मदत करतो.'

तळघरात फळीवर सात डबे होते. माल्ट म्हणजे काय हे समजावून सांगायला माइस्टरांनी अर्धा तास घेतला: जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मोड फुटले की भट्टीत वाळवायचे. मी म्हटलं, "हे आमच्या घरी मटकीचं दर आठवड्याला करतात, फक्त वाळवत नाहीत, उसळ करून खातात." त्यांना हे फारसं रुचलं नाही. सगळ्यात मोठा डबा फिक्या माल्टचा, तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. शेजारी गडद माल्ट, जास्त भाजलेलं. ते माइस्टरांच्या तरुणपणापासूनच्या एका दोस्ताकडून यायचं आणि तो दोस्त त्या उन्हाळ्यात वारला होता. मग करामेल माल्ट, ज्याचे तांबूस दाणे मी येता-जाता तोंडात टाकायचो. मग गव्हाचं. मग जवळजवळ जळलेलं काळं, फक्त रंगापुरतं मूठभर घालायचं. एक धुरावर वाळवलेलं, कुणा पाहुण्याने दिलेलं, ज्याला माइस्टर नावं ठेवायचे पण टाकून देत नव्हते. सातव्यात नुसते ओट, माइस्टरिनबाईंच्या लापशीसाठी.

"लोक सगळं भरून ठेवतात," ते म्हणायचे. "आल्झो, म्हणजे असं बघ, सगळं भरून ठेवणाऱ्याचं सगळं शिळं होतं. पुढच्या दोन खेपांना काय करायचंय ते ठरव, आणि तेवढंच ठेव." मी त्यांना फळीवरचे सात डबे मोजून दाखवले तेव्हा त्यांनी मला गिरणीचा दांडा फिरवायला बसवलं.

दाणा पारखायचा तो डोळे मिटून. चांगला दाणा दाताखाली कुडकुडतो आणि मागून गोड लागतो, सर्द झालेला चिवट लागतो. मला हे जमायला सहा महिने लागले. माइस्टर चावतही नसत. झाकण काढायचं, नाक आत घालायचं आणि सांगायचं: हे मागच्या हिवाळ्यातलं, हे ओल्या भिंतीला टेकलं होतं, ह्याच्यात उंदीर फिरून गेलाय. त्यांचं नाक चुकलेलं मी कधीही पाहिलं नाही.

एकदा आईने बोटीच्या पार्सलात नाचणी पाठवली. मी मोठ्या हौसेने तिला मोड आणले, वाळवली आणि वाटीत घालून माइस्टरांपुढे ठेवली. आठवा डबा होईल का, असं विचारलं. त्यांनी हुंगली, दोन दाणे चावले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे, छान आहे. पाखरांना घाल." पाणी, माल्ट, हॉप्सची फुलं आणि यीस्ट, याखेरीज त्यांच्या कढईत काही पडणार नव्हतं. ते रागाने बोलले नव्हते, पण मला ते फार लागलं. मी वाटी उचलून वर गेलो आणि दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोललो. आज मला त्या रुसव्याची लाज वाटते, पण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात आहे म्हणून सांगतो.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात माइस्टरांचं जेवण तुटलं. ऑक्टोबरात पोटाचं ऑपरेशन झालं. आता फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी माइस्टरिनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं आणि त्यांनी ते मला सांगितलं. माइस्टरांना कुणीच सांगितलं नाही, त्या काळी तिथेही तसंच करत. त्याच आठवड्यात हिवाळ्याचे बटाटे आणि कोळसा घरात आला. तळघराची एक भिंत त्या वर्षी ओलीने काळी पडली होती, त्यामुळे सगळं दुसऱ्या बाजूला, डब्यांच्या जागी रचावं लागणार होतं. माइस्टरिनबाई म्हणाल्या, "हे डबे काढा. माझ्याने आता त्यांची उस्तवार होणार नाही."

माझ्या खोलीत पलंग, टेबल आणि माझी पुस्तकं सोडली तर तीन डब्यांपुरती जागा होती. कोणते तीन ठेवायचे याची यादी करून मी हॉस्पिटलात नेली: फिकं, गडद, गव्हाचं. मला स्वतःला गव्हाची बिअर आवडायची. माइस्टरांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली. फिकं, बरोबर. गडद, बरोबर. गव्हावर त्यांनी काट मारली.

"गव्हाची उन्हाळ्यात पितात," ते म्हणाले. "त्याच्या जागी करामेल ठेव." मग यादी घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आणि एका खेपेपुरतंच ठेव. बाकी शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना."

त्यांना कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली. "मला इथे कशाची चव लागत नाही," ते म्हणाले. "सूप म्हणजे गरम पाणी. वासही नाही. हे लोक म्हणतात औषधांनी होतं, परत येईल. यांना काय कळतं? मी घरी येतो आणि उपवासाची काळी बिअर करतो. ती साधली तर मी अजून आहे. नाही साधली तर माइस्टरिनला म्हणावं, कढईत खुशाल रोज चादरी उकळ."

ईस्टरच्या आधी त्यांचे चाळीस दिवस उपवास असतात आणि त्यांना दाट काळी बिअर चालते, नव्हे, ती खास त्यासाठीच करतात. साबुदाण्यावर वाढलेल्या मला याची पहिल्या वर्षी फार मौज वाटली होती. त्या वर्षी मी फक्त मान डोलावली आणि डबे सांभाळायचं कबूल केलं.

डिसेंबरात गडद माल्टमध्ये टोके झाले. माझ्या खोलीतून खालच्या शेगडीची नळी जायची. तळघराच्या गारठ्यात जे निजून होतं ते माझ्या उबेत जागं झालं. झाकण काढलं तर दाण्यांवर बारीक काळे किडे फिरत होते. माइस्टर पुन्हा हॉस्पिटलात होते. त्यांना विचारायचं म्हणजे तुमच्या शेवटच्या खेपेला माझ्याकडे कीड लागली असं सांगायचं. माइस्टरिनबाईंना सांगावं तर त्यांनी तो डबा तसाच्या तसा कोंबड्यांपुढे रिकामा केला असता. नवं आणावं तर ते देणारा माणूस मातीखाली.

आणि मला आई आठवली. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचे गहू येत. आई ते गच्चीवर ऊन दाखवून घ्यायची आणि मग परातीत थोडे थोडे घेऊन त्यांना एरंडेल चोळायची. दाणे चकचकायला लागले की डब्यात भरायची. दिवाळी उलटून गेली तरी त्यात एक टोका सापडायचा नाही. धान्य टिकवायचं ते असं, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नव्हती. कढईला तेल लागू द्यायचं नाही हे माइस्टरांचं शास्त्र होतं. धान्य साठवणं हे आईचं. माझ्या डोक्यात ही दोन शास्त्रं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत, आणि मी म्हणे रसायनशास्त्राचा डॉक्टर होणार होतो.

गावच्या औषधांच्या दुकानात, आपोथेकेत, एरंडेल चिमुकल्या बाटल्यांतून मिळे. मी चार मागितल्या. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चार?"

"चार."

"किती दिवस झाले?" त्याने अगदी कळवळून विचारलं. मी बाटल्या घेऊन बाहेर पडलो.

रविवारी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मी तिन्ही डबे ओतले, दाणे चाळले, निवडले आणि हाताने एरंडेल चोळलं. टोके गेले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी आईला लिहिलं, घरमालकांच्या जवाला एरंडेल लावून दिलं. आईचं उलट पत्र आलं: 'फार चांगलं केलंस. पण हात सढळ ठेव, कमी पडलं की कीड परत येते.' म्हणून जानेवारीत मी आणखी एक हात दिला.

फेब्रुवारीत माइस्टर घरी आले. ओव्हरकोट त्यांच्या अंगावर नुसता अडकवल्यासारखा दिसत होता. पहिल्याच शनिवारी त्यांनी कढई पेटवायला लावली. चादरींच्या खोलीत त्यांची खुर्ची ठेवली, पायावर घोंगडी घातली, माझ्या डोक्याला टॉवेल बांधला. मी डबे खाली आणले आणि गिरणीत दाणे घातले. पहिली मूठ दळून झाली तशी त्यांनी ती मागितली आणि नाकाशी धरली.

"एरंडेल," ते म्हणाले. "आई लहानपणी पाजायची. तोच वास."

माझे हात थांबले. त्यांनी मूठ माइस्टरिनबाईंपुढे धरली. त्यांनी हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "कसलं एरंडेल? माल्टचा वास येतोय." मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा सगळं थांबवता आलं असतं. शहरातून कुठलं तरी गडद माल्ट आणता आलं असतं, पुढच्या शनिवारी पुन्हा कढई पेटवता आली असती. ते मला शिव्या देते आणि हे प्रकरण तिथेच मिटतं. पण मला ती नाचणीची वाटी आठवली. हेर डॉक्टरांनी पुन्हा काहीतरी आपल्या गावचं आणून घातलं, हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. आणि तेवढंसं तेल उकळीत निघून जाईल, असंही मी मनाशी म्हटलं.

"नाही," मी म्हणालो. "मला नाही येत."

उकळी फुटल्यावर त्यांनी वाफेत तोंड घालून पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हणालो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. हॉप्स कधी टाकायचे, जाळ कधी ओढायचा, एवढंच सांगत राहिले, आणि मधूनमधून आपलीच मूठ उघडून हुंगत होते.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी दुपारी पहिली बाटली उघडली. माइस्टरिनबाईंनी टेबलावर पांढरं कापड घातलं होतं आणि काचेचे तीन उंच ग्लास पुसून पुसून ठेवले होते. बुचाचा आवाज झकास झाला. माइस्टरांनी स्वतः ओतलं, एक थेंबही सांडला नाही. मोठे बुडबुडे वर आले, फुटले, आणि झालं. ग्लासात काळं, सपाट पाणी उभं राहिलं. त्यांनी दुसरा ग्लास भरला. तेच. मी त्या ग्लासाकडे पाहिलं आणि मला एका क्षणात सगळं समजलं. दोन शास्त्रांची भेट झाली.

त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"कढई घासली होतीस?"

"तीन वेळा."

"ते मला माहीतच आहे," ते म्हणाले. माझ्यावर त्यांनी शंका घेतली नाही. "मग मीच. नाकाला नसलेला वास येतो, जिभेला असलेली चव लागत नाही. हातही गेला असणार. कळलंसुद्धा नाही कधी गेला ते."

माझं तोंड उघडलं नाही. किती वर्षं झाली, मी त्या टेबलाशी बसून ते उघडायचा प्रयत्न करतो आहे.

उरलेल्या बाटल्या माइस्टरिनबाईंनी अंगणातल्या गटारात ओतल्या. सोमवारी कढईत चादरी उकळल्या. माइस्टर पलंगावर पडून ते ऐकत असणार, कारण त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी अंगणावर उघडायची. त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. सूप आणलं की म्हणायचे, ठेव, मला काही कळत नाही त्यातलं. आजार होताच, तो त्यांना घेऊन जाणारच होता, हे मला डॉक्टरांनीही सांगितलं असतं. पण मार्चपर्यंत ते त्याच्याशी भांडत होते आणि त्या रविवारनंतर भांडले नाहीत.

मी रोज ठरवायचो, आज सांगू. सकाळी त्यांच्या शेगडीत कोळसा घालायला जायचो तेव्हा एकदा मी सुरुवात केली: "माइस्टर, त्या माल्टबद्दल तुम्हाला…" त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. "माल्टबद्दल आता नको, हेर डॉक्टर." मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला जितकी घृणा आहे तितकी त्या एरंडेलाचीही नाही.

ईस्टरच्या आधीच ते गेले.

मातीला जाऊन आल्यावर चारपाच दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेलो. माइस्टरिनबाई बटाटे सोलत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टोक्यांपासून आईच्या पत्रापर्यंत. त्या सोलत राहिल्या. सालाची एक लांब पट्टी खाली पडली, मग दुसरी.

"म्हणजे वास येत होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला सर्दी झाली होती. मला कसलाच वास येत नव्हता. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, नाही." त्यांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "शेवटच्या आठवड्यातही त्याने मला विचारलं. म्हणाला, खरं सांग, त्या दिवशी एरंडेलाचा वास होता ना? मी म्हटलं, नव्हता रे, तुझं नाक गेलंय, सोड आता."

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हे त्याला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगितलंत?"

महिनाअखेरीस मी खोली सोडली. सामान बांधताना डबे बाजूला केले, तर करामेलच्या डब्याच्या तळाशी दोन-चार दाणे चिकटून राहिले होते. मी झाकण काढून नाक आत घातलं. वास अगदी स्पष्ट येत होता. कुणालाही आला असता.